डीएनएचे थेंब गोल न होता जाळीदार गुठळ्या होत असतील तर : माझा अनुभव

नेरूळच्या आमच्या प्रयोगशाळेत तीन धागे जुळून बनणारे, तीन भुजांचे, प्रत्येक भुजेला आठ बेसचे (बेस म्हणजे डीएनएची ‘अक्षरे’) चिकट टोक असलेले डीएनए-तारे द्रव थेंबांऐवजी वेड्यावाकड्या गुठळ्या करत होते. दोन गुठळ्या एकमेकींना टेकल्या तरी एकजीव होत नसत आणि काही तर काचेलाच चिकटून बसत. नवे धागे मागवले, मीठ वाढवले. फरक शून्य, वैताग मात्र भरपूर.

शेवटी पुढील क्रम लागू पडला. ताऱ्याचे तिन्ही धागे प्रत्येकी 5 मायक्रोमोलर या समान प्रमाणात, 20 मिलिमोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारे रसायन; पीएच 8) आणि 350 मिलिमोलर मिठाच्या द्रावणात मिसळले. काचा 5 टक्के बीएसएच्या (काचेला डीएनए चिकटू न देणाऱ्या प्रथिनाच्या) द्रावणात अर्धा तास बुडवून धुतल्या व वाळवल्या. मग मिश्रण काचेच्या कप्प्यात भरून, बाष्पीभवन थांबावे म्हणून (ही पायरी टाळूच नये, कारण पाणी उडाले की मिठाचे प्रमाण बदलते) कडेने मिनरल ऑइल सोडले. सूक्ष्मदर्शकाच्या तापपट्टीवर (तापमान बदलता येणाऱ्या मंचावर) ते 85 अंशांपर्यंत नेऊन मिनिटाला 1 अंश या गतीने थंड केले.

असे केल्याने आधी भुजा जुळतात, नंतर चिकट टोके एकमेकांना धरतात. आणि ऊब असेपर्यंत ते बंध सुटत-जुळत राहिल्याने थेंब एकमेकांत मिसळून गोल होतात. एकदम थंड केल्यास बंध तिथेच अडकतात आणि न वाहणारे घट्ट जेल तयार होते. खोलीच्या तापमानाला थेंब गोल दिसले तरी ते जेलच असतात, त्यामुळे मिसळण्याची चाचणी गरम असतानाच घ्यावी.