स्क्रिप्ट समोर असूनही ‘बॅड इंटरप्रिटर’

आमच्या सातपूरच्या ऑफिसात निम्मे जण विंडोजवर, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) मात्र लिनक्सवर. शेल स्क्रिप्ट (कमांड्सची फाइल) चालवली की ‘बॅड इंटरप्रिटर’ हा एरर. ती चालवणारा प्रोग्रॅम, बॅश, तर जागेवरच होता! फाइल दाखवणाऱ्या ‘कॅट’ कमांडला, न दिसणारी अक्षरंही दिसावीत म्हणून, कॅपिटल ‘ए’ पर्याय देऊन पाहिलं, तर प्रत्येक ओळीच्या टोकाला ओळ संपल्याची खूण असलेल्या डॉलरच्या आधी ‘^एम’. हाच कॅरेज रिटर्न (सीआर), आस्की या अक्षरांच्या कोडमधला क्रमांक १३. विंडोज ओळ संपवताना १३ आणि १० (लाइन फीड, एलएफ) दोन्ही लिहितं, लिनक्सला फक्त १० हवा. म्हणून स्क्रिप्ट कोणी चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावालाच १३ चिकटतो, आणि तसल्या नावाचा प्रोग्रॅम कुठेच नसतो. हे १३ काढून टाकणाऱ्या ‘डॉस-टू-युनिक्स’ टूलने तेवढ्यापुरतं भागतं. खरा इलाज गिटच्या रिपॉझिटरीतच (सगळ्यांच्या कोडच्या सामायिक साठ्यातच) हवा: गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टना ‘ईओएल=एलएफ’ (ओळीच्या शेवटी फक्त १०) लावलं, आधीच्या फाइल्सनाही तो नियम लागावा म्हणून ‘गिट अ‍ॅड --रिनॉर्मलाइज’ करून कमिट केलं. प्रत्येकाच्या सेटिंगमागे लागणं संपलं. विंडोजवरच्या बॅच फाइल्सना मात्र सीआरएलएफच (१३ आणि १० दोन्ही) ठेवलं.