त्यांना कोण आवडतं? : पेटी शिकायला निघालेल्यांसाठी थोडं अनुभवाचं

आमच्या क्लासमध्ये नवीन मुलगा आला की सर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, हात लावू देत नाहीत. आधी विचारतात, "तुला कोण आवडतं?" २०१६ च्या उन्हाळ्यात मलाही विचारलं होतं. मी दहावीत जाणार होतो. 'सैराट' नुकताच आला होता आणि आमच्या नाशिकच्या सिडकोत तर रिक्षापासून रसवंतीपर्यंत दुसरं काही वाजतच नव्हतं. मी छाती फुगवून सांगितलं, "अजय-अतुल."

"छान. त्यांना कोण आवडतं?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. सर म्हणाले, "शोधून ये, मग बघू. रामकुंडात डुबकी मारली म्हणजे गोदावरी कळली असं नसतं रे. कधीतरी उगमापर्यंत ब्रह्मगिरी चढायला लागतो." (पुढे श्रावणात मित्रांबरोबर खरंच चढलो. पायऱ्यांवर माकडांनी भेळ पळवली. त्याचा संगीताशी संबंध नाही, पण भेळ अजून आठवते.)

घरी येऊन शोधलं. अजय-अतुल मुलाखतींमध्ये सारखं तमिळ सिनेमाचे संगीतकार इलैयाराजांचं नाव घेतात. हे नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. मग कळलं की हा माणूस मद्रासला धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकला, आणि ए. आर. रहमान लहान वयात याच्याच ताफ्यात कीबोर्ड वाजवायचा. म्हणजे मी ज्यांना तीन वेगळी दुकानं समजत होतो त्यांचा माल एकाच वखारीतून येत होता. ऑर्केस्ट्रातली व्हायोलिन्स मी तोवर 'भारी वाटतात' एवढ्यावर सोडून दिली होती. आता कोण कुणाच्या खाली काय वाजवतंय, हे कान लावून ऐकू लागलो. पुढच्या रविवारी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बस. काढ पेटी."

पेटी काढली खरी, पण मला मुळात पेटी शिकायचीच नव्हती. मला कीबोर्ड हवा होता. पेटी आजोबांची. ते भजनी मंडळात वाजवायचे आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंडीतून जायचे. त्यांच्या पश्चात ती माळ्यावर पडून होती. भाता फाटलेला, दोन पट्ट्या बसलेल्या. बाबांनी ती दुरुस्त करून आणली, कारण कीबोर्डपेक्षा ते स्वस्तात पडलं. तरी मी मित्राच्या कीबोर्डवर वाजवायचो आणि तिथेच मला एक वाईट सवय लागली. ती सांगतो, कारण आजही निम्म्या मुलांना ती लागलेली दिसते.

कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. बोटं कायम पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला 'सा' मानून, चालवायची आणि बटण दाबून हव्या त्या पट्टीत जायचं. मी दोन वर्षं हेच केलं. मग एका कोजागरीच्या कार्यक्रमात, एका सोसायटीच्या गच्चीवर, पहिल्यांदा पेटीच्या साथीला बसलो. गायिकेबरोबर तालीम पांढरी पाचमध्ये झाली होती, आणि ती मी घोकून घोकून बसवली होती. ऐन वेळी ताई म्हणाल्या, "गळा बसलाय रे, काळी तीन घेऊ." अर्धाच सूर खाली. पण माझ्या पेटीला बटण नव्हतं. पहिल्या गाण्याच्या ध्रुपदातच मी तीन वेळा घसरलो, दुसऱ्या गाण्यापासून नुसता षड्ज-पंचम (सा-प) धरून बसलो. ताई काही बोलल्या नाहीत. मसाला दूध मात्र मी न पिताच निघालो.

त्यानंतर सरांनी सहा महिने एकच काम दिलं. साधे पलटे (सुरांचे ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा वाजवणं), बाराही पट्ट्यांमधून, रोज. कंटाळवाणं आहे, दुसरा शब्द नाही. पण नव्यानं शिकणाऱ्यांना पहिली गोष्ट मी हीच सांगेन. आवडती गाणी नंतर बसवा. आधी काळी एक, काळी तीन, पांढरी चार, पांढरी पाच या पट्ट्यांमध्ये बोटांनी न बघता चालायला हवं. गाणारा माणूस त्याच्या गळ्याच्या सोयीनं पट्टी घेणार, तुमच्या बोटांच्या नव्हे.

दुसरी गोष्ट ऐकण्याची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मुलं गायक ऐकतात, संगीतकार ऐकतात, साथीदार ऐकत नाहीत. मीही ऐकत नव्हतो. कोजागरीनंतर सरांनी पेटीवादक गोविंदराव पटवर्धनांचं एक जुनं ध्वनिमुद्रण दिलं. म्हणाले, "महिनाभर हेच. आणि गायकाकडे लक्ष द्यायचं नाही." पहिला आठवडा मला काहीच ऐकू आलं नाही. पेटी आहे हेच विसरायला व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात वही घेऊन बसलो. गायक थांबला की पेटी काय करते, तान घेतली की किती मागून येते, सम (तालाची पहिली मात्रा) आली की कुठे असते, सगळं लिहू लागलो. लिहिताना लक्षात आलं की गोविंदराव बहुतेक वेळा 'काहीच' करत नाहीत. गायकाच्या इतके लगोलग जातात की मागून येतायत हे कळत नाही, आणि गायक श्वास घेतो तिथे ते जागा भरायला धावत नाहीत. मी मात्र एकेक रिकामी जागा भरून टाकायचो. शेजारच्या ताटातलं उचलून खावं, तसलं ते वाजवणं होतं.

त्यांच्यानंतर आप्पा जळगावकर ऐकले, मग तुळशीदास बोरकर. बोरकरांना २०१६ मध्येच पद्मश्री मिळाली होती. मी 'सैराट'वर नाचत होतो त्याच वर्षी, आणि मला पत्ता नाही. बोरकरांना कोण आवडायचं? त्यांचे गुरू मधुकर पेडणेकर, म्हणजे पी. मधुकर. एकल पेटीवादनासाठी त्यांना जरूर ऐका. आणि आणखी मागे गेलात तर गोविंदराव टेंबे. त्यांनी १९११ च्या 'मानापमान'ला चाली दिल्या, आणि त्या देताना पूरबी ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी रंगभूमीवर आणला. म्हणजे नाट्यपद म्हणून आपण ज्याला अस्सल मराठी समजतो, त्यातल्या कितीतरी चालींचं माहेर बनारसकडचं आहे. हे कळल्यावर मी ठुमऱ्या ऐकायला लागलो आणि नाट्यपदातल्या 'जागा', म्हणजे सुरांची खास वळणं, पहिल्यांदा समजल्या. नुसत्या पाठांतरानं त्या तशा समजल्या नसत्या.

पेटीवाल्यांना एक टोमणा आयुष्यभर ऐकावा लागतो, त्याची तयारी ठेवा. "पेटी काय, परदेशी वाद्य, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत." (मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, श्रुती म्हणजे दोन सुरांमधले बारीक सूर.) हा टोमणा इतका जुना आहे की १९४० मध्ये रेडिओवर हार्मोनियमला बंदीच घातली गेली. ती अंशतः उठायला १९७१ उजाडलं. मला आधी याचा राग यायचा. आता वाटतं, टोमण्यात तथ्य आहे. तुम्हीच करून बघा. तानपुरा नीट लावून डोळे मिटून बसलात की त्यातून एक गंधार (ग) आपसूक ऐकू येतो. आता पेटीचा शुद्ध गंधार दाबा. किंचित चढा लागतो. पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात, त्याचा हा परिणाम. सर म्हणूनच गंधारावर बोट रेंगाळू देत नाहीत. स्पर्श करून पुढे जायचं, ठाण मांडून बसायचं नाही. वाद्याची खोट काय हे ठाऊक असलं की त्याच्याकडून काय मागायचं तेही कळतं. बंदीच्या त्या वर्षांतही मैफलीत आणि नाटकात पेटी वाजतच होती, हेही लक्षात असू द्या.

आता संगीतकारांकडे येतो. मी दोघांचीच नावं घेईन, बाकीचे तुम्ही शोधा.

सुधीर फडके. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला सुरू झालं आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चाललं. छप्पन गीतं. ग. दि. माडगूळकरांकडून शब्द यायचे, चाल लागायची, गायक बसायचे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आम्हाला गणपतीच्या चार कार्यक्रमांची तयारी करताना धाप लागते. आम्ही नाशिककर पंचवटीच्या गप्पा फार मारतो, पण शूर्पणखा रामाला पहिल्यांदा बघते त्या गाण्यात लाडिकपणा कुठे आहे आणि धमकी कुठे, हे चालीवरून ओळखून दाखवा. माझ्या वाजवण्यात फडक्यांमुळे एक ठोस बदल झाला. त्यांचा शब्द कधी मधेच तुटत नाही. ते ऐकल्यावर मी भाता शब्दाच्या शेवटी भरायला लागलो. त्याआधी हाताला येईल तेव्हा भरायचो, आणि अक्षराच्या पोटात सूर हेलकावे खायचा. गाणारे म्हणायचे "काहीतरी हलतंय", पण काय ते कुणाला सांगता यायचं नाही.

दुसरे जितेंद्र अभिषेकी. त्यांच्या संगीताची नाटकं म्हणजे 'मत्स्यगंधा' १९६४ चं, 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं. 'कट्यार' ऐकली की त्यातले गायक-नट वसंतराव देशपांडे येतातच, आणि वसंतराव मला संगीतापेक्षा आधी दुसऱ्याच कारणानं जवळचे वाटले. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी वीसेक वर्षं कारकुनी केली. मी अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सकाळी साडेआठची बस, संध्याकाळी सहाला सुटका. "नोकरी करून संगीत होत नाही," असं कुणी म्हणालं की मी वसंतरावांचं नाव घेतो आणि विषय बदलतो. खरं सांगायचं तर माझं वाजवणं नोकरीमुळे अडत नाही, मोबाइलमुळे अडतं.

उलट बाजूची गोष्ट भीमसेन जोशींची. लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमरीची तबकडी ऐकून भारावले आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. आमच्या क्लासमधल्या एका पठ्ठ्यानं ही गोष्ट आईला ऐकवून बारावीला दांडी मारायचा प्रस्ताव मांडला होता. आईनं लाटणं दाखवलं. गोष्टीतला पळून जाण्याचा भाग सगळ्यांना आठवतो. पुढे सवाई गंधर्वांकडे शिकण्यात काढलेली वर्षं सोयीनं गळतात.

वसंतरावांच्या मागे जाताना माझी मोठी गंमत झाली. त्यांना कोण आवडायचं, ते कुणाकडे शिकले, बघत गेलो. सुरेशबाबू माने हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे चिरंजीव, म्हणजे पुन्हा त्यांचंच घर. त्याआधी, अगदी लहानपणी नागपुरात, शंकरराव सप्रे. आणि सप्रे शिष्य विष्णू दिगंबर पलुसकरांचे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पलुसकर उत्तरायुष्यात कुठे येऊन राहिले? नाशिकला. इथे त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. सिडकोतून निघून मद्रास, मुंबई, पुणे, नागपूर असा कानानं फिरलो आणि घरापासून एका रिक्षाच्या अंतरावर येऊन थांबलो. ज्या परीक्षांचे फॉर्म मी दर वर्षी कुरकुरत भरत होतो, त्यांच्या नावातलं 'गांधर्व महाविद्यालय' कुठून आलं, हे मला तेव्हा कळलं.

गांधर्वच्या परीक्षांबद्दलही थोडक्यात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी चढण आहे. माझी मध्यमा पूर्ण झाली आहे, विशारद अर्ध्यात आहे. शिस्त लागते, रागांची नावं आणि ताल पक्के होतात, पुढे शिकवायचं असेल तर कागद हाताशी राहतो. पण विशारद झालेला मुलगा साथीला बसून गोंधळलेला मी पाहिला आहे, आणि एकही परीक्षा न दिलेले दिंडीतले पेटीवाले कुठल्याही पट्टीत, कुठल्याही अभंगाला सहज जाताना पाहिले आहेत. दोन्ही करा.

पैशाचं स्पष्ट सांगतो. माझं पहिलं पाकीट तीनशे रुपयांचं, एका सत्यनारायणानंतरच्या भजनाचं. दिवाळी पहाट, पाडवा पहाट, गणपती, नवरात्र या दिवसांत कामं येतात, आषाढात घरी बसावं लागतं. नाशिकमध्ये पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला नुसतं श्रोते म्हणून गेलात तरी पहाटे चारला उठण्याचं सार्थक होतं. पेटीवाल्याच्या शेजारून ऐकायला मिळेल अशी जागा धरा. काम म्हणून मी सगळ्यात जास्त शिकलो ते लेहरा धरताना. तबल्याच्या आणि कथकच्या क्लासला कुणीतरी तासन्‌तास तीच सोळा मात्रांची ओळ वाजवत बसायला लागतं. कुणाला ते नको असतं, मानधन बेताचंच मिळतं. घ्या. समोरचा कितीही तिरपागडी तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेवो, आपली ओळ हलू द्यायची नाही. वर्षभर हे केलं की लय अंगात भिनते, आणि ताल चुकण्याची भीती जाते.

आता रविवारच्या क्लासला सर मला लहान मुलांजवळ बसवतात. गेल्या महिन्यात सातवीतली एक मुलगी आली. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुला कोण आवडतं?"

"माझी आजी. ती जात्यावरच्या ओव्या म्हणते."

सरांनी तोंड उघडलं, मिटलं. पुढचा प्रश्न काही आला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "पुढच्या रविवारी आजींनाच घेऊन ये." आणि मला म्हणाले, "वही आण रे."