माहेरी बाळंतपणाला निघण्यापूर्वी : सीमाभागातील गरोदर महिलेची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे, आणि सासर कर्नाटकात व माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजकडे असलेल्या लेकी इथे गावोगावी आहेत. सात महिने तपासणी एका राज्यात आणि प्रसूती दुसऱ्या राज्यात, अशा या प्रवासात माहिती मध्येच गळून पडू नये म्हणून तयारीला कागदांपासून सुरुवात करावी.

पाळी चुकल्यावर बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवून तायी कार्ड घ्यावे; कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख निघते, ती कार्डावर लिहून घ्यावी. कार्डावरचा कन्नड मजकूर पलीकडच्या नर्सबाईंना वाचता येईलच असे नाही. म्हणून रक्तगट, हिमोग्लोबिन, प्रत्येक वेळचा रक्तदाब व वजन, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखा आणि पूर्वी सिझेरियन झाले असल्यास ते, हे सारे एका कागदावर मराठीत किंवा इंग्रजीत उतरवून त्यावर डॉक्टरांची सही घ्यावी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो तांबड्या शाईने लिहावा, कारण बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास आईला प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळावे लागते आणि त्या धावपळीत कोणालाही पाने उलटायला वेळ नसतो.

किमान चार तपासण्या व्हाव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, आणि ही सोय दोन्ही राज्यांत आहे. बाळाच्या अवयवांची वाढ पाहण्याची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करावी. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करून घ्यावी.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस घ्यायची असते. ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नये, कारण लोह अंगी लागत नाही. शौचाला काळे होते म्हणून घाबरून अनेकजणी गोळ्या बंद करतात; तो गोळीचाच परिणाम असतो, त्यात धोका नाही. जेवणात नाचणी, मेथी, डाळ, शेंगदाणे असावेत. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते : न्हाणीच्या कोनाड्यातली मिसरीची डबी आता उचलून टाकावी. दात घासण्यापुरतीच म्हणून वापरली तरी ती जळकी तंबाखूच आहे, आणि तंबाखूमुळे बाळ कमी वजनाचे जन्मते. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या महिलांनी या काळात डॉक्टरांना आपले काम न विसरता सांगावे.

जांबोटी-कणकुंबीच्या रानपट्ट्यात पावसाळ्यात ओढे चढले की वाट बंद होते. तारीख आषाढ-श्रावणात येत असेल, तर महिनाभर आधीच खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा. १०८ ची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत मोफत मिळते. फोनवर गाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही सांगावेत. ती पोहोचणार नाही तिथे कोणाची जीप येईल, रात्री ती कोण चालवील आणि रक्त लागल्यास सोबत कोण येईल, हे आठव्या महिन्यातच ठरवावे.

अंगावरून रक्त जाणे, पाणमोट फुटणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. दवाखान्यात समोरची व्यक्ती कन्नडच बोलणारी असली तर बसुरी म्हणजे गरोदर, हेरिगे म्हणजे बाळंतपण आणि तलेनोवु म्हणजे डोकेदुखी, एवढे शब्द सोबत जाणाऱ्या सासूबाईंना किंवा जावेला तरी ठाऊक असावेत.

पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, सगळे रिपोर्ट, दोन सैल गाऊन आणि धुऊन उन्हात वाळवलेले मऊ लुगड्याचे तुकडे ठेवावेत. जन्माची नोंद जिथे प्रसूती होते तिथेच, २१ दिवसांच्या आत होते. त्यामुळे माहेराहून निघण्यापूर्वी दाखल्याची चौकशी करावी, बाळाला पहिल्या लसी दिल्याची नोंद मागून घ्यावी आणि ती तायी कार्डाच्याच पिशवीत घालून सासरच्या आशाताईंना दाखवावी.