अमेरिकेत छोट्या काउंटीच्या जेलमधला माणूस कसा शोधायचा

आपलं कुणी तिकडे आडगावच्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) अटकेत असेल तर घाबरून जाऊ नका, आधी शेरीफ ऑफिसची (काउंटीच्या पोलिसप्रमुखाची) साइट उघडा, तिथे बहुतेकदा जेल रोस्टर म्हणजे कैद्यांची यादी असते, त्यात बुकिंगची म्हणजे जेलमध्ये नोंद झाल्याची तारीख, चार्जेस, बॉन्डची म्हणजे जामिनाची रक्कम बहुतेक दिसते. आपली नावं तिथे सर्रास चुकीची टाइप होतात, म्हणून देशपांडे पूर्ण न टाकता पहिली तीन-चार अक्षरंच टाका. रोस्टर नसेल तर सरळ फोन करा, जन्मतारीख हाताशी ठेवा, आणि शेजारच्या काउंटीत ठेवलंय का हे नक्की विचारा कारण काही लहान काउंट्यांना स्वतःचं जेलच नसतं. वाइनलिंक (VINELink) या कैदी शोधायच्या साइटवर बऱ्याच राज्यांचं फुकट शोधता येतं, मग पैसे मागणाऱ्या साइट्सवर कार्ड कशाला टाकायचं! इमिग्रेशनच्या ताब्यात असेल तर आइसचा (ICE, तिकडचं इमिग्रेशन खातं) शोधायचा लोकेटर वेगळा, तिथे जन्मदेश लागतो आणि त्यासोबत ए-नंबर (इमिग्रेशनने दिलेला नोंदणी क्रमांक) किंवा नाव.