खग्रास सूर्यग्रहणाला जायचं तर आधी परतीची वाट ठरवा

सौंदत्तीच्या यल्लमाची किंवा चिंचलीच्या मायाक्काची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ग्रहणाची गर्दी लवकर कळेल. येणारी माणसं दोन-चार दिवस आधीपासून थोडी थोडी येत राहतात, त्यामुळे जाताना रस्ता बरा वाटतो. यात्रा फुटली की मात्र सगळ्या गाड्यांची तोंडं एकदम एकाच रस्त्याकडे वळतात. ग्रहणाचं त्याहून कठीण. यात्रा फुटायला निदान अर्धा दिवस लागतो. खग्रास स्थिती एका सेकंदात संपते आणि ती सगळ्यांच्या घड्याळात एकाच वेळी संपते. ८ एप्रिल २०२४ च्या अमेरिकेतल्या ग्रहणानंतर व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरमधून दक्षिणेकडे परतणाऱ्यांच्या रांगा मध्यरात्र उलटली तरी हलत होत्या. म्हणून या प्रवासाची आखणी परतीपासून सुरू करायची.

हिशेब साधा आहे. अडथळा नसलेल्या एका लेनमधून तासाला दीड ते दोन हजार गाड्या जातात. मध्ये बाजारपेठ, सर्कल किंवा अरुंद पूल आला की हा आकडा निम्म्यावर येतो. एका दुपदरी रस्त्याने दहा हजार गाड्या परतणार असतील, तर त्यांच्या वाट्याला लेन एकच येते. रस्ता मोकळा असेल तर शेवटची गाडी निघायला पाच ते सात तास लागतात, अडथळा असेल तर दहा ते चौदा तास. ड्रायव्हर कितीही तरबेज असला तरी या गणितातून सुटका नाही. सुटका दोनच गोष्टींनी होते: त्या रात्री तिथेच मुक्काम करणं, किंवा गर्दीच्या रस्त्यावर मुळात न जाणं.

पट्टा आधी, बाकी सगळं नंतर

खग्रास ग्रहण फक्त एका अरुंद पट्ट्यातून दिसतं. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाचा पट्टा अंकोला, हुबळी, रायचूर असा गेला होता. बेळगाव त्याच्या बाहेर राहिलं. हुबळी इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण तेवढ्याच अंतराने एका गावाला खग्रास मिळालं आणि दुसऱ्याला खंडग्रास. ‘आपल्याकडेही नव्याण्णव टक्के दिसणारच की,’ असं म्हणून कुणी घरी थांबत असेल तर त्याला थांबू देऊ नका. उरलेला एक टक्का सूर्यसुद्धा पौर्णिमेच्या चंद्राच्या हजारो पट उजळ असतो. त्याच्या झगझगाटात सूर्याभोवतीचं फिकट प्रभामंडल दिसतच नाही.

पट्ट्याच्या आत आल्यावर मात्र मध्यरेषेचा हट्ट धरू नका. सगळी गर्दी त्याच रेषेवर लोटते. मध्यरेषा ते कड या अंतराच्या निम्म्यावर उभे राहिलात तरी खग्रास काळ फक्त तेरा-चौदा टक्क्यांनी घटतो. नव्वद टक्के अंतरावर, म्हणजे अगदी कडेजवळ गेलात, तर तो निम्म्याहूनही कमी उरतो. मध्यापासून थोडं बाजूला, तीन-चार रस्ते फुटणाऱ्या गावाजवळ जागा धरणं सगळ्यात शहाणपणाचं. एकच पूल, एकच घाट किंवा पुढे संपणारा रस्ता असलेली जागा कितीही देखणी असली तरी सोडून द्या.

२ ऑगस्ट २०२७: इजिप्तला जाणाऱ्यांसाठी

या ग्रहणाचा पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा जातो. इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास स्थिती सर्वाधिक, ६ मिनिटं २३ सेकंद आहे. इतका वेळ टिकणारं खग्रास ग्रहण त्यानंतर २११४ सालापर्यंत नाही. सौदीतलं जेद्दाहही पट्ट्यात येतं. तिथे नोकरीला असलेले नातेवाईक असतील तर राहण्याचा मोठा प्रश्न सुटतो. ढगांच्या बाबतीत वरचा, म्हणजे दक्षिणेकडचा इजिप्त सगळ्यात भरवशाचा आहे, ऑगस्टमध्ये तिथलं आकाश जवळजवळ कायम निरभ्र असतं. आपल्याकडे त्या दिवशी दुपारनंतर थोडं खंडग्रास होईल, पण आषाढी अवसेच्या पावसाळी ढगांतून ते दिसण्याची आशा फारशी धरू नये.

इजिप्तमध्ये पट्टा सुमारे २५८ किलोमीटर रुंद आहे. लक्सरशिवाय केना आणि सोहाग ही शहरंही त्यात येतात. असवान आणि समुद्रकाठचं हुरघाडा मात्र बाहेर राहतात. त्यामुळे तिथे स्वस्तात खोली मिळाली म्हणून घेतली, तर ग्रहणाच्या दिवशी सकाळी काही तासांचा प्रवास आणि तोही गर्दीतला. टूर कंपनीच्या पत्रकात ‘ग्रहण सहल’ एवढंच लिहिलेलं असतं. १, २ आणि ३ ऑगस्ट या तिन्ही रात्रींचा मुक्काम कुठल्या शहरात आहे हे लिहून घ्या. बुकिंग लवकर केलं असेल तर दर तीन महिन्यांनी हॉटेलकडून ते कायम असल्याची ईमेल मागवा. मागणी वाढली की जुन्या दराची बुकिंगं रद्द होण्याचा धोका असतो.

लक्सर नाईलच्या दोन्ही काठांवर आहे. रेल्वे स्टेशन, विमानतळ आणि बहुतेक हॉटेलं पूर्व काठावर, राजांची दरी आणि मोठी थडगी पश्चिम काठावर. गाड्यांसाठीचा पूल शहराच्या दक्षिणेला आहे, एरवी लोक बोटीने नदी ओलांडतात. ज्या काठावर तुमचा बिछाना आहे त्याच काठावरून ग्रहण पाहा. ग्रहण संपल्यावर पूल ओलांडावा लागणार नाही, एवढ्यानेच निम्मी डोकेदुखी जाते. हॉटेलला मोकळी गच्ची असेल तर त्याहून चांगलं, कारण मग गाडीच लागत नाही. आणि इथे सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८२ अंशांवर असेल, तेव्हा क्षितिज मोकळं असण्याची गरजच नाही. उलट मान अवघडू नये म्हणून खाली अंथरायला चटई आणि उशी हवी. कॅमेऱ्याचं तिकाटणं इतकं उभं वळतं का, ते घरच्या अंगणात आधी करून बघा. बरेचसे वळत नाहीत.

बेळगावातून बाहेर पडणं हा वेगळाच टप्पा

जुलै संपता संपता आपल्या भागात पाऊस जोरात असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेच्या आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेच्या पुरामुळे बंद पडला होता. मुंबईचं विमान धरायला आदल्या रात्रीच्या बसने निघणं म्हणजे सहा महिन्यांची तयारी वेदगंगेच्या पाण्यावर सोडून देणं. चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या घाटात याच दिवसांत दरडी आणि धुकं असतं, त्यामुळे गोव्याचं विमानतळ जवळ असूनही तेवढं भरवशाचं नाही.

बेंगळुरूहून विमान मिळत असेल तर ते घ्यावं. बेळगावहून धारवाड-हुबळीमार्गे दक्षिणेला जाताना हे पुराचे पूल लागत नाहीत. मुंबईच घ्यायची असेल तर दोन दिवस हातात ठेवा. वेळापत्रक साधारण असं बसतं: गुरुवार, २९ जुलैला बेळगाव सोडायचं, शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे विमान, शनिवारी कैरो, रविवारी दुपारपर्यंत लक्सर. सोमवारी ग्रहण, मंगळवारी तिथेच मुक्काम, बुधवारी परत. कैरो ते लक्सर विमानाने तासाभराचं अंतर आहे, रेल्वेने दहा तासांच्या आसपास. या टप्प्याची जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं एकदमच काढा, आणि सोमवारी संध्याकाळचं परतीचं तिकीट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने तरी शिल्लक हवी. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट आजच काढून बघा. पासपोर्टवर ‘बेळगावी’ आणि जुन्या दाखल्यावर ‘बेळगाव’ असलं तर घाबरू नका, पण माणसाच्या नावाचं स्पेलिंग तिकिटावर आणि पासपोर्टवर अक्षर न अक्षर सारखंच हवं.

ग्रहणाचा दिवस

लक्सरला खग्रास स्थिती दुपारी एक वाजून गेल्यावर लगेच सुरू होते. स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, त्याच्या सव्वा ते दीड तास आधी. जागा बदलायची असेल तर ती सकाळी नऊच्या आत, त्यानंतर गाडीचं चाक हलवायचं नाही. ऐनवेळी ‘अजून थोडं पुढे बरं दिसेल’ म्हणून निघालेले लोक खग्रास बसच्या खिडकीतून बघतात.

ऊन ४० अंशांच्या वर असेल. माणशी पाच लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, पांढरा सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, छत्री, रुमाल. सूर्य निम्मा झाकेपर्यंत सावलीत बसा आणि पाच-दहा मिनिटांनी एकदा बाहेर येऊन बघा. शेवटची वीस मिनिटं मात्र उघड्यावर. घरातली वडीलधारी वेध पाळत असतील तर त्यांचा मान राखावा, पण अशा उन्हात पाणी बंद ठेवू देऊ नका, उष्माघात बघता बघता होतो. खायला दशम्या, शेंगाचटणी, भडंग, गोकाकचं करदंट असं न नासणारं न्या. कुंदा उन्हात ठेवू नका.

चष्मा आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेला हवा, माणशी एक, वर दोन जादा. घरातल्या दिव्याकडे त्यातून पाहिल्यावर जवळजवळ काहीच दिसता कामा नये. चरा पडलेला फेकून द्या. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांपैकी काहीही चालत नाही. सूर्याच्या काठावरचा शेवटचा प्रकाशमणी विझला की चष्मा काढायचा, कारण खग्रासात चष्म्यातून फक्त काळोख दिसतो. दुसऱ्या बाजूने प्रकाशाचा ठिपका फुटला की त्याच क्षणी पुन्हा लावायचा. मोबाइलवर पाच मिनिटं चाळीस सेकंदांचा गजर लावून ठेवा, म्हणजे मान वर असतानाही वेळेचं भान राहील.

हजारो लोक एकदम फोटो पाठवायला लागले की मोबाइलचं नेटवर्क बसतं. नकाशे आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा, हॉटेलचं नाव आणि पत्ता अरबीत कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा व वेळ तोंडी ठरवा. सुटे पैसेही जवळ असू द्या.

खग्रास संपल्यावर मोक्षाला, म्हणजे ग्रहण पूर्ण सुटायला, अजून सव्वा-दीड तास असतो. गर्दी यातच निघते. तुम्ही बसून राहा. सतरंजी आवरू नका, जेवण काढा, मुलांना झाडाच्या पानांखाली पडलेल्या चंद्रकोरी मोजायला लावा. गाडीने आला असाल तर ती सकाळीच तोंड बाहेरच्या बाजूला करून लावलेली असावी, पण किल्ली किमान चार तास फिरवायची नाही. रांगेत स्वच्छतागृह मिळत नाही. बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे हाल तिथेच होतात, आणि याचा विचार आखणीत कुणी करत नाही.

घरच्या गाडीने रंगीत तालीम: २१ मे २०३१

परदेश परवडत नसेल तर हे ग्रहण सोडू नका. ते कंकणाकृती आहे, खग्रास नव्हे, म्हणजे पूर्ण वेळ चष्मा लागणार. पण गाडी, मुक्काम आणि गर्दी यांची सगळी परीक्षा त्यात होते. पट्टा दक्षिण केरळ आणि तमिळनाडूतून, कोची ते मदुराईच्या बाजूने जातो. वेळ दुपारी एकच्या आसपास, वार बुधवार.

केरळात मे अखेरीस मान्सूनपूर्व ढग दाटतात, म्हणून घाट ओलांडून मदुराई-थेनीच्या कोरड्या बाजूला जाणं बरं. बेळगावहून बेंगळुरूमार्गे हे अंतर नऊशे किलोमीटरच्या पुढे जातं. ते दोन दिवसांत तोडा आणि एक दिवस जादा ठेवा. आदल्या संध्याकाळी टाकी भरून घ्या आणि पट्ट्यात शिरल्यावर ती निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. फास्टॅगमध्ये शिल्लक, जादा चाकात हवा, रेडिएटरचं पाणी हे निघण्याआधी तपासा. कासवगतीच्या रांगेत तापून बंद पडणारी गाडी मागच्या शंभर गाड्यांना अडकवते. क्रुझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेणार असाल तर त्याला कर्नाटक, तमिळनाडू आणि केरळ या तिन्ही राज्यांत चालणारं परमिट आहे का ते कागद हातात घेऊन बघा, आणि ‘ग्रहणानंतर चार तास थांबणार’ हे भाडं ठरवतानाच सांगा. नाहीतर नेमकं मोक्षाच्या वेळी ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागतो.

२० मार्च २०३४

भारतातून दिसणारं पुढचं खग्रास हे. पट्टा देशाच्या अगदी उत्तर टोकाला, काश्मीर-लडाखच्या भागातून जातो. मार्चमध्ये तिथे बर्फ असतं आणि झोजिलासारख्या खिंडींवर विसंबता येत नाही, त्यामुळे विमानाने जाऊन आठवडाभर आधी पोहोचणं आणि उंचीची सवय होऊ देणं हेच खरं. ग्रहण दिवस उतरणीला लागल्यावर आहे, सूर्य पश्चिमेला कललेला असेल. दरीत उभे राहिलात तर डोंगरच ग्रहण झाकून टाकेल. जागा ठरवताना आदल्या दिवशी त्याच वेळी तिथे उभं राहून सूर्य कड्याच्या किती वर आहे ते बघा. मूठ हात लांब करून धरली तर साधारण दहा अंश होतात, सूर्य आणि कडा यांच्यामध्ये एक पूर्ण मूठ तरी मोकळी हवी. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा आहे, तेव्हा गुढीचं साहित्य बॅगेत घालूनच निघा, कारण त्या दिवशीही परतीच्या रस्त्याला लागायचं नाही.