युरोपात घर गरम ठेवायला किती खर्च येतो, देशादेशांची तुलना कशी करायची

माझी मुलगी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी जर्मनीला गेली तेव्हा आम्ही घरभाडं बघितलं, ट्रेनचा पास बघितला, तूरडाळ कुठे मिळते ते पण बघितलं, पण हीटिंगचा खर्च कुणाच्या डोक्यातच आला नाही. नाशिकची थंडी म्हणजे काय तर दोन महिने गोधडी, सकाळी गिझर, आणि निफाडकडे पारा चार-पाचवर गेला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, एवढंच आपल्याला माहीत. पुढच्या वर्षी घरमालकाकडून हिशोबाचं पत्र आलं आणि तिला जवळजवळ एका महिन्याच्या भाड्याएवढे पैसे एकदम भरावे लागले, पोरगी फोनवर रडली. मी इथे इंदिरानगरला दुकानांची अकाउंट्स बघते, आकड्यांशी रोजचा संबंध, तरी हे आपण आधी का नाही विचारलं याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून मग बसून नीट समजून घेतलं, आणि ओळखीत कुणाचं पोरगं निघालं की मी हेच सगळं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे नुसता युनिटचा दर बघून देशांची तुलना करू नका, सगळे तिथेच फसतात. युरोस्टॅट म्हणून युरोपियन युनियनचं सरकारी आकडेवारीचं खातं आहे, ते दर सहा महिन्यांनी घरगुती वीज आणि गॅसचे दर टॅक्ससकट देतं. त्यात २०२४ च्या पहिल्या सहामाहीत जर्मनीत वीज युनिटला ३९.५ सेंट होती, अख्ख्या युरोपियन युनियनची सरासरी २८.९, आणि हंगेरीत ११ च्या आत. हे बघून वाटतं हंगेरीत मजा आहे. पण हंगेरीत आपल्या महावितरणसारखा स्लॅब आहे, २०२२ च्या ऑगस्टपासून वर्षाला २,५२३ युनिटपर्यंतच स्वस्त वीज, त्याच्या वर गेलं की दर चढतो, आणि तिथले पगारही जर्मनीपेक्षा बरेच कमी. युरोस्टॅट हेच दर लोकांच्या खरेदीशक्तीप्रमाणे सुद्धा देतं, तो तक्ता जरूर बघा, चित्र खूप बदलतं.

तुलना करायची ती घरात पोचलेल्या उष्णतेच्या एका युनिटची. युनिट म्हणजे तेच, आपल्या वीजबिलावरचं किलोवॅट तास. तिकडे बऱ्याच देशांत गॅससुद्धा याच युनिटमध्ये मोजून बिल करतात, पण नेदरलँड्ससारख्या काही ठिकाणी घनमीटरवर दर सांगतात, तेव्हा नेदरलँड्समधला दर ९.७७ ने भागायचा की एका युनिटचा भाव निघतो. आता हिशोब असा. गॅसचा बॉयलर, म्हणजे पाणी तापवून घरभर फिरवणारं यंत्र, चांगला असेल तर शंभरातले नव्वद युनिट घरात येतात, म्हणून गॅसचा दर ०.९ ने भागायचा. साधा इलेक्ट्रिक हीटर असेल तर एकाला एक. आणि हीट पंप असेल तर विजेचा दर तीन ते चारने भागायचा.

हा हीट पंप म्हणजे आपलाच एसी उलटा चालवलेला समजा. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, उष्णता तयार करत नाही तर नुसती वाहून आणतो, म्हणून एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते. बाहेर शून्य अंश असलं तरी हवेत उष्णता असतेच. थंडीत हा चालत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की युरोपात घरांच्या मानाने सगळ्यात जास्त हीट पंप नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये आहेत. मात्र तीन का चार हे घरावर ठरतं. फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवलेत आणि पाणी ३५ अंशाला पुरतंय तर चारकडे जाईल, जुने छोटे रेडिएटर (भिंतीला लावलेली गरम पाण्याची पॅनेलं) आणि त्यांना ५५-६० अंशाचं पाणी लागतंय तर तीनच्या खालीही येईल. हे विचारल्याशिवाय कुणाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

आता हाच हिशोब देशांना लावून बघा. जर्मनीत वीज ३९.५ सेंट, साडेतीनने भागली तर ११.३ सेंट. गॅस १२ सेंट धरला तर ०.९ ने भागून १३.३. म्हणजे हीट पंप स्वस्त, पण थोडासाच, आणि घर जुनं असून आकडा तीनवर आला तर १३.२, फरक संपला. (हीट पंपासाठी वेगळा स्वस्त दर देणाऱ्या वीज कंपन्या तिथे आहेत, तो घेतला तर गणित सुधारतं.) फ्रान्समध्ये सगळं वेगळं, वीज बरीचशी अणुभट्ट्यांतून येते, २०२५ मध्ये सरकारी दर साधारण २० सेंट, साडेतीनने भागून पावणेसहाच्या आत, आणि गॅसची उष्णता त्याच्या दुपटीच्या घरात, म्हणजे तिथे तर प्रश्नच नाही.

ब्रिटनचं मात्र नीट बघायला लागतं. तिथे ऑफजेम नावाची संस्था दर तीन महिन्यांनी दराची कमाल मर्यादा ठरवते. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरला वीज २५.७३ पेन्स आणि गॅस ६.३३ पेन्स, म्हणजे वीज गॅसच्या चौपट! साडेतीनच्या हीट पंपाने उष्णता ७.३५ पेन्सला, गॅसने ७.०३ ला. म्हणजे स्वीडनपेक्षा थंडी कमी असूनही हीट पंपवाल्याला दोन पैसे जास्तच. पण इथे स्थिर आकार विसरू नका, आपल्या बिलावर असतो तसाच, गॅस जोडणीचा तेव्हा दिवसाला साधारण ३० पेन्स, वर्षाचे शंभर पौंडाच्या वर. स्वयंपाकाचा गॅस पण बंद करून जोडणीच काढून टाकली तर हे वाचतात आणि पारडं पुन्हा हीट पंपाकडे झुकतं. आणि ती मर्यादा दरावर आहे, तुमच्या एकूण बिलावर नाही, बरेच जण तिथे चुकतात.

नॉर्वे-स्वीडनला घरात गॅस जवळजवळ नाहीच. दोघांनी १९९१ पासून कार्बनवर, म्हणजे तेल-गॅस जाळून होणाऱ्या धुरावर, टॅक्स लावला, नॉर्वेने २०२० पासून तेलावरचं हीटिंग बंद केलं. स्वीडनमध्ये फ्लॅट असेल तर बहुतेक शहराच्या मध्यवर्ती प्लँटमधून गरम पाण्याचे पाइप येतात आणि तो खर्च भाड्यातच धरलेला असतो, म्हणजे भाड्याने राहणाऱ्याला डोक्याला ताप नाही. माझ्या मते नवीन जाणाऱ्या मुलांसाठी ही सगळ्यात चांगली पद्धत आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, घर किती उष्णता खातं. देशापेक्षा हा फरक मोठा पडतो. युरोपात घराला फ्रिजच्या स्टारसारखा इंग्रजी अक्षराचा वर्ग असतो, ए चांगला आणि पुढचं अक्षर तितकं वाईट, त्याचा दाखला घरमालकाने दाखवावाच लागतो. जर्मनीत डी वर्ग म्हणजे चौरस मीटरला वर्षाला १०० ते १३० युनिट, जी (G) वर्ग म्हणजे २०० ते २५०. आता ६० चौरस मीटरचा फ्लॅट धरा, म्हणजे आपल्याकडचा साडेसहाशे स्क्वेअर फुटांचा. १२० ने गुणलं तर ७,२०० युनिट. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते, म्हणजे वर्षाला ४० सिलिंडर, नुसते घर उबदार ठेवायला! जी वर्गाचा तेवढाच फ्लॅट २२० ने गुणा, १३,२०० युनिट, ७३ सिलिंडर. वरच्या १३.३ सेंटने पैसे काढले तर एकाचे वर्षाला ९५८ युरो आणि दुसऱ्याचे १,७५६. भाडं महिन्याला पन्नास युरोने कमी दिसतंय म्हणून जी वर्गाचं घर घेतलं तर हिवाळ्यात ते सगळं परत जातं, माझ्या मुलीचं नेमकं हेच झालं होतं. फ्रान्समध्ये तर २०२५ च्या जानेवारीपासून जी वर्गाचं घर नव्याने भाड्याने द्यायलाच बंदी आहे.

जर्मनीत भाडं दोन प्रकारे सांगतात, काल्टमिटे म्हणजे थंड भाडं आणि वार्ममिटे म्हणजे गरम भाडं. गरम भाड्यात हीटिंगचा दर महिन्याचा अंदाजी हप्ता असतो, फक्त अंदाजी! वर्षाअखेर खरा वापर मोजून हिशोब होतो आणि फरक तुमच्याकडून घेतात नाहीतर परत देतात. इमारतीच्या हीटिंग खर्चातला ५० ते ७० टक्के भाग तुमच्या मीटरप्रमाणे, बाकीचा घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटतात, म्हणजे तुम्ही महिनाभर नाशिकला आलात तरी तो भाग सुटत नाही. कार्बन टॅक्सचा भार २०२३ पासून मालक आणि भाडेकरूत वाटला जातो आणि घर जितकं वाईट तितका मालकाचा वाटा जास्त, हिशोबाच्या पत्रात तो वजा झालाय का ते बघा.

ज्यांची मुलं तिकडे घर विकत घेतायत त्यांच्यासाठी, हीट पंप बसवायला मिळणाऱ्या सरकारी मदतीचं. जर्मनीत केएफडब्ल्यू ही सरकारी बँक देते, खर्चाच्या मूळ ३० टक्के, स्वतः राहत्या घरातली जुनी सिस्टीम बदलली तर आणखी २०, घरचं करपात्र उत्पन्न ४०,००० युरोपर्यंत असेल तर आणखी ३०, पण सगळं मिळून ७० च्या वर नाही आणि ३०,००० युरो खर्चापर्यंतच, म्हणजे जास्तीत जास्त २१,०००. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरळ ७,५०० पौंड, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वाढवले, अर्ज पंप बसवणारा माणूसच करतो आणि रक्कम बिलातून वजा होते. फ्रान्समध्ये उत्पन्नाप्रमाणे, कमी उत्पन्नाला जास्त. स्वीडनमध्ये मजुरीवर सूट.

रकमेपेक्षा क्रम जास्त सांभाळा. फ्रान्समध्ये कोटेशनवर सही करायच्या आधी अर्ज टाकायचा, आधी सही झाली तर मदत हातची जाऊ शकते. जर्मनीत आधी करार पण त्यात मदत मंजूर झाली तरच लागू अशी अट घालून, मग अर्ज, मग काम. नेदरलँड्समध्ये बरोबर उलटं, पंप बसल्यावर २४ महिन्यांच्या आत अर्ज. आणि या योजना बदलतात, पोलंडने त्यांची योजना २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केली आणि २०२५ च्या मार्चअखेर नव्या नियमांनी सुरू केली, म्हणून वर्षापूर्वी कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका, त्या आठवड्यात सरकारी साइट उघडून वाचा.

आणि भाड्याच्या घराच्या करारावर सही करायच्या आधी मुलांना घरमालकाला एवढंच विचारायला सांगा: हीटिंग कशावर आहे, दाखल्यावर वर्ग आणि चौरस मीटरचे युनिट किती, आणि आधीच्या भाडेकरूचा गेल्या हिवाळ्याचा हिशोब नाव झाकून दाखवता का. माझ्या मुलीने दुसऱ्या घराच्या वेळी हे तिन्ही विचारलं, दोन घरमालकांनी उत्तरच दिलं नाही, तिसऱ्याने दुसऱ्या दिवशी कागद पाठवला, तिथे ती आता राहतेय.