मैत्रिणीच्या बहिणीकडे लंडनला जायचंय? दोघींनी अशी तयारी करा

मैत्रिणीची ताई लंडनला, मुलं शिकायला बाहेर, घरात एक खोली रिकामी, दर फोनला "अगं या की दोघी" चालू असतं आणि मग एक दिवस दोघी खरंच मनावर घेतात. ठरलं की सगळी तयारी जिची बहीण आहे तिच्या बाजूने सुरू होते, ताईला काय न्यायचं, भाचीला कुर्त्याचं माप काय, वगैरे. मी म्हणते तयारी दुसऱ्या टोकाकडून सुरू करा. जी नात्यातली नाही, नुसती मैत्रीण म्हणून चाललीय, तिचे कागद, तिचे पैसे, तिची झोपायची सोय आणि तिचा दिवस कसा जाणार हे आधी बघा. सख्ख्या बहिणींचं काही बिनसलं तर त्या भांडून मोकळ्या होतात आणि जेवायला एकत्र बसतात, मैत्रीण मात्र परक्या घरात अवघडून बसते, कुणाला काही बोलत नाही, आणि त्याचा परिणाम पुढे मैत्रीवर होतो. तो होऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिलं व्हिसाचं. यूकेचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, अर्ज यूके सरकारच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरायचा, मग व्हीएफएस या व्हिसाचं काम बघणाऱ्या कंपनीच्या इथल्या सेंटरला जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निकाल साधारण तीन आठवड्यात येतो, पण उन्हाळ्यात गर्दी असते त्यामुळे शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. दोघी एकत्र जाणार असल्या तरी अर्ज दोन वेगळे, आणि तिकडचा अधिकारी प्रत्येकीचा अर्ज स्वतंत्रपणे बघतो, म्हणजे "माझ्या मैत्रिणीच्या फाइलमध्ये सगळं आहे" हे चालत नाही.

ताईकडून आमंत्रणाचं पत्र मागवाल ना, त्यात दोघींची नावं पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी हवीत, आणि एक बहीण, दुसरी बहिणीची मैत्रीण हे सरळ लिहायला सांगा. मैत्रिणीला उगाच मावसबहीण-आतेबहीण करू नका, मैत्रीण असणं हा काही गुन्हा नाही आणि खोटं सापडलं तर पुढे दहा वर्षं अर्ज नाकारला जाऊ शकतो. पत्रात पत्ता, किती दिवस राहणार, राहण्याचा खर्च कोण करणार हे असू दे, सोबत ताईच्या पासपोर्टची किंवा तिकडच्या राहण्याच्या परवान्याची कॉपी आणि घराच्या पत्त्याचा पुरावा, काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिकडच्या घरपट्टीचं बिल उत्तम.

एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांना खास लागू होते. लग्नानंतर आडनाव बदललं, कुणाकुणाचं तर पाळण्यातलं नावही बदललं, त्यामुळे दोन सख्ख्या बहिणींच्या पासपोर्टवर सारखं असं काहीच नसतं. जन्मदाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, असेल तर गॅझेट, जे काही जोडून दोघींचे आईवडील एकच आहेत हे दिसेल ते लावा. आणि कागद मराठीत असेल, सातबारा असो की प्रॉपर्टीचा उतारा, तर त्याचं सर्टिफाइड इंग्रजी भाषांतर सोबत हवंच, नुसता सातबारा जोडला तर तो कुणी वाचणार नाही.

आता मैत्रिणीची फाइल. तिचं तिकडे कुणी नाही त्यामुळे "ही परत येणार कशावरून" हा प्रश्न तिच्या बाबतीत जास्त. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं ऑफिसचं पत्र, पेन्शन असेल तर त्याचे कागद, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, एफडी, घर स्वतःच्या नावावर असेल तर ते. अर्ज करायच्या आधी मुलाने खात्यात एकदम दोन-तीन लाख टाकले असं करू नका, अचानक आलेली रक्कम लगेच डोळ्यात येते आणि ती कुठून आली हे सांगावं लागतं. खर्च खरंच मुलगा करणार असेल तर त्याचं पत्र आणि त्याचं स्टेटमेंट लावा, ते सरळ आहे.

आणि हे अर्ज भरायच्या आधीच एकमेकींशी बोलून घ्या: एकीचा व्हिसा आला आणि दुसरीचा नाही आला तर काय? जिचा आला ती जाणार की दोघीही थांबणार? हे नंतर ठरवायला गेलं की फार वाईट वाटतं, आधी बोललं की दहा मिनिटांचं काम आहे. याच कारणासाठी दोघींच्या हातात व्हिसा आल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नका. आणि "आलोच आहोत तर पॅरिस करून येऊ" डोक्यात असेल तर त्याला शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा वेगळा लागतो, तो इथूनच काढून निघायचं. स्कॉटलंड मात्र याच व्हिसावर होतं.

सामानाकडे येऊ. आपल्या लोकांचा जीव अडकतो तो खाऊत, आणि यूकेचा नियम इथे कडक आहे, भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेताच येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड, घरचं तूप, पनीर यातलं काही नाही, ताईने कितीही सांगितलं तरी नाही. तसंही वेम्बलीच्या ईलिंग रोडवर किंवा साउथॉलला हे सगळं मिळतं. न्यायचं ते तिकडे सहज मिळत नाही असं न्या, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, कोकम, मेतकूट, बाकरवडी, भडंग, आणि ताईच्या माहेरच्या चवीची शेंगदाण्याची चटणी. चटणी मसाले सगळं चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांमध्ये बांधून आणि वर नावाची चिठ्ठी लावून, म्हणजे बॅग उघडलीच तर काय आहे ते सांगता येतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, त्या पेट घेऊ शकतात म्हणून विमानतळावर काढून घेतात. मैत्रिणीनेही घरासाठी स्वतःच्या हाताने निवडलेलं काहीतरी वेगळं न्यावं, दोघींच्या नावाने एकच पिशवी दिली की ती बहिणीचीच धरली जाते.

हीथ्रोला उतरल्यावर इमिग्रेशनला भारतीय पासपोर्टवाल्यांना काउंटरवरच जावं लागतं. कुठे राहणार, किती दिवस, कोण आहे तिकडे, इतकंच विचारतात. मैत्रिणीला ताईचं पूर्ण नाव, पत्ता, पोस्टकोड आणि फोन नंबर माहीत हवा, मोबाइलमध्ये नको, कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. बहुतेक ठिकाणी हा सगळा तपशील एकीच्याच फोनमध्ये असतो आणि रांगेत दोघींना वेगवेगळी काउंटर मिळतात.

घरात राहायचं कसं यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण खरी परीक्षा इथेच. तिकडची घरं लहान असतात. हॅरो किंवा हाउन्सलोतल्या तीन खोल्यांच्या घरात चार माणसं आणि एकच बाथरूम असेल तर सकाळी सात ते साडेआठ तिथे जाऊच नका, त्या वेळेत ताई आणि भावोजी कामाला निघतात. बाथरूमला आपल्यासारखा उतार आणि जाळी नसते, जमीन कोरडीच राहायला हवी. अंघोळ टबात उभं राहून, आणि शॉवरचा पडदा टबाच्या आतल्या बाजूला सोडायचा, बाहेर राहिला तर पाणी जमिनीवर, जमिनीतून खालच्या खोलीच्या छताला, आणि छतावर पिवळा डाग. बादली-तांब्याची सवय असेल तर तांब्या मागा पण तोही टबातच. बाथरूममध्ये दिव्याचं बटण नसतं, छतातून दोरी लोंबत असते ती ओढायची. (लाल दोरी असेल तर ती मदतीसाठीची असते, तिला हात लावू नका, ही मात्र जास्त करून सार्वजनिक टॉयलेटमध्ये.) चार्जरला तिकडचा चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो, दोघींना दोन न्या.

स्वयंपाकघरात फोडणी करताना आधी चिमणीचा पंखा लावा आणि दार बंद करा. मिरची मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलतो आणि भावोजी मीटिंगमध्ये असतात. ताईला आधी विचारून मगच तिच्या ओट्याला हात लावा. आपण प्रेमाने अख्खं घर आवरून ठेवतो आणि तिला नंतर आठवडाभर डबे सापडत नाहीत. त्यापेक्षा ठरवून आठवड्यातले दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक दोघींनी करा, ताई कामावरून आली की गरम पिठलं-भाकरी समोर, याहून मोठी भेट नाही तिच्यासाठी. कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात, कुठल्यात काय टाकायचं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

जिची बहीण आहे तिच्यासाठी एक सांगते. माहेरच्या गप्पा सुरू झाल्या की तीन तास कसे जातात कळत नाही, काकूचं ऑपरेशन, जमिनीची वाटणी, कोण कुणाशी बोलत नाही, आणि मैत्रीण शेजारी बसून फोन बघत राहते. त्या गप्पा व्हायलाच हव्यात, त्यासाठीच तर गेलात. तेव्हा मैत्रिणीने मधूनमधून एक-दोन दिवस एकटीने बाहेर पडावं, बहिणींना बहिणी मिळतात आणि तिला लंडन मिळतं. उलटंही, आठवड्यातून एक दिवस ताईच्या घरात फक्त ताई आणि तिची माणसं असू द्या, दोघी सकाळी डबा घेऊन निघा आणि रात्रीच या.

एकटीने फिरायला लंडन सोपं आहे. बसला आणि ट्यूबला, म्हणजे तिकडच्या मेट्रोला, कॉन्टॅक्टलेस (पिन न घालता नुसतं टेकवून चालणारं) बँकेचं कार्ड टेकवायचं, पण एका कार्डावर एकच माणूस, दोघींना दोन कार्डं लागतात, आणि ट्यूबमध्ये शिरताना जे कार्ड टेकवलं तेच उतरताना टेकवायचं, एकदा कार्ड आणि एकदा फोन असं केलं तर जास्त पैसे कापतात. बसमध्ये उतरताना टेकवायचं नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी फुकट आहेत. पण मराठी माणसाने आवर्जून बघावं ते प्रिमरोझ हिलजवळचं १० किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहायचे, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर घेतलं. टिळक १९१८-१९ मध्ये ज्या घरात राहिले त्या हाउली प्लेसच्या घरावर निळी पाटी आहे, हायगेटला ६५ क्रॉमवेल अव्हेन्यूला सावरकरांची आहे, तिथेच इंडिया हाउस हे भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं. ही दोन्ही घरं खाजगी आहेत, बाहेरूनच बघायची. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं, तुम्ही असाल तेव्हा काही कार्यक्रम आहे का ते ताईला बघायला सांगा.

लंडनबाहेर दोघी एकत्र जाणार असाल, एडिंबरा, यॉर्क, बाथ, तर टू टुगेदर रेलकार्ड काढा. दोन ठरलेल्या माणसांच्या नावाने असतं, नातं लागत नाही, दोघी एकत्र प्रवास करत असल्या की तिकिटावर एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही, शनिवार-रविवारी कधीही. दोन लांबचे प्रवास केले की कार्डाचे पैसे सहज निघतात, आणि तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त.

पैशांचं पहिल्याच दिवशी बोला. बाहेरचा खर्च दोघींचा अर्धा-अर्धा, रोज रात्री ॲपमध्ये किंवा वहीत लिहून टाकायचा. घरातला खर्च ताई घेणार नाही, "वेड्या आहात का" म्हणेल, तर पैसे हातात देऊ नका, आठवड्याचा किराणा एकदा तुम्ही भरा, एकदा सगळ्यांना बाहेर जेवायला न्या. मैत्रिणीने यात आपला वाटा द्यायचाच, नाहीतर मनात ओझं राहतं.

तब्येतीचं सांगते, ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन काहीही लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. इमर्जन्सी विभागात बघतात तेवढं फुकट, पण दाखल केलं तर पाहुण्यांना बिल येतं आणि ते एनएचएसच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या दराच्या दीडपट असतं. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर थोड्या जास्त, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हँडबॅगेत. साधं दुखणं असेल तर १११ ला फोन, जीवावरचं असेल तर ९९९. दोघींनी एकमेकींची औषधं आणि घरच्यांचे नंबर लिहून ठेवा, परक्या देशात एकीला चक्कर आली तर उत्तरं दुसरीला द्यायची असतात.

निघायच्या दोन दिवस आधी बॅगा वजन करून घ्या, कारण ताई शेवटच्या रात्री चॉकलेटं, स्वेटर, "हे आईला दे, हे वहिनीला दे" करत निम्मी बॅग भरते आणि मग विमानतळावर उघडून बसायची वेळ येते. मैत्रिणीच्या बॅगेतली जागा बहिणीच्या सामानासाठी गृहीत धरू नका, आधी विचारा. चादरी-उशांचे अभ्रे काढून मशीनला लावा, आणि घरी पोचल्यावर दोघींनी ताईला वेगवेगळा फोन करा.